ब्राह्मीचा कोट

१

कुणीतरी किल्ल्याच्या खिडक्या बुजवल्या होत्या. ज्यानं हे केलं त्यानं चाळा म्हणून केलेलं नव्हतं, मन लावून केलं होतं, पण ते कबूल करायला कुणी पुढं येत नव्हतं.

भूपाल गुडघ्यांवर बसून पाहत होता. पुठ्ठ्याचा किल्ला. काल दुपारी त्यानं आणि त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, मिळून उभा केलेला. चार बुरूज, खाचेत खाच बसणाऱ्या भिंती, आणि भिंतींत नखाएवढ्या खिडक्या. त्यांतल्या, घाटावरून गार वारा येतो त्या बाजूच्या सातही खिडक्यांत कापसाचे बोळे बसवले होते. नुसते कोंबलेले नव्हते. आधी चिमटीत वळून, मग आत दाबून, कडेनं फट राहू नये म्हणून पुन्हा दाबून.

कापूस आत्याच्या वातींचा होता हे उघड होतं. पण चंपाआत्या पंचाहत्तरीची, तिला माडीचा जिना चढवत नव्हता. झाडलोट करणाऱ्या मालुबाईला विचारलं तर ती म्हणाली की मला घरची कामं काय थोडी आहेत, मी कशाला खेळण्याच्या खिडक्या लावत बसू. उंदीर असावा, असं भूपालनं ठरवलं. उंदीर घर करायला कापूस नेतोच. उंदीर ओळीनं सात खिडक्या बुजवत नाही, हे त्याला त्याच वेळी कळत होतं. तरीही त्यानं बोळे काढून खिशात टाकले आणि कामाला लागला. त्याच्याकडे वेळ नव्हता.

२

निपाणीत तेव्हा तंबाखूच्या वखारींत शेकडो बायका काम करत आणि त्यांची पोरं तिथंच धुळीत खोकत पडलेली असत. भूपालला हे बघवत नव्हतं. बेचाळीस साली कॉलेज सोडून तो हिंडलग्याच्या तुरुंगात आठ महिने राहून आला होता. मग बेळगावला अनगोळात खोली घेऊन बी.ए. पुरं केलं. आता सेहेचाळीस सालचा डिसेंबर होता, स्वराज्य दाराशी येऊन उभं होतं, आणि निपाणीच्या पोरांना बसायला स्वच्छ जमीन नव्हती. आपल्या घराच्या माडीवर त्यांच्यासाठी बालवर्ग काढायचा, येत्या सव्वीस जानेवारीला, काँग्रेसच्या स्वातंत्र्यदिनी, असं त्यानं गावात सांगूनसुद्धा टाकलं होतं. वडिलांना विचारायचं मागाहून सुचलं.

कारण माडी रिकामी नव्हती. तिथं सात पेट्या होत्या.

पायगोंडाआप्पा तंबाखूचे व्यापारी. आयुष्यभर मुंबई-पुण्याच्या फेऱ्या केल्या आणि दर चार-पाच वर्षांनी येताना एक खेळण्यातला किल्ला आणला, सुट्टे भाग जोडून उभारायचा. जर्मनीचा दगडी ठोकळ्यांचा, मुंबईहून. पांढऱ्या लाकडाचा. सावंतवाडीचा लाखकाम केलेला, तांबडा-पिवळा. बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानातून जपानी पत्र्याचा, आत दिवा ठेवायला जागा असलेला. हा पत्र्याचा किल्ला तीस साली परदेशी मालाच्या होळीतून वाचवायला त्यांनी तंबाखूच्या बोदांच्या थप्पीखाली दडवला होता, आणि तेव्हा आठ वर्षांचा असलेला भूपाल त्यावरून त्यांच्याशी दोन दिवस बोलला नव्हता. पुढं कापड ताणून बसवायच्या तंबूसारख्या भिंतींचा. मग मडगावहून बुचाचा, हातात घेतला तर पाखरासारखा हलका. आणि शेवटी लढाईत पत्रा-लाकूड मिळेनासं झालं तेव्हा पुण्याहून पुठ्ठ्याचा.

हे सगळं भूपालसाठी नव्हतं. त्याला खेळू दिलं होतं, पण ते ब्राह्मीचं होतं. ब्राह्मी त्याची थोरली बहीण. ती सात वर्षांची होऊन गेली, त्यानंतर नऊ वर्षांनी तो जन्मला. तिचा फोटो नव्हता. घरात ती होती ती या पेट्यांतच.

पेट्या पोरांना देऊ या, असं भूपालनं एकदाचं बोलून टाकलं तेव्हा आप्पांनी एकेका पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दे. पण आधी सगळे एकदा उभे करायचे. माझ्यासंगं. शेवटचा आणलेला आधी, पहिला आणलेला शेवटी."

३

तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. दुपार कलली की आप्पा कठड्याला धरत माडीवर यायचे, चटईवर बसायचे, भूपाल भाग हातात द्यायचा आणि ते लावायचे. सहासष्ट वर्षांचा माणूस, हात थरथरायचा, पण बुरूज चुकत नसे. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवायचं असे, म्हणून खालून आत्याची हाक आली की काम तिथंच थांबे. माडीला कडी-कुलूप घातलं जाई आणि सकाळी भूपालच ते काढी.

आणि रोज सकाळी खिडक्या बुजवलेल्या असत.

बुचाच्या किल्ल्याच्या नऊ. कापडी किल्ल्याला खिडक्या शिवलेल्या होत्या, तिथं फटींत कापूस. पत्र्याच्या किल्ल्याच्या खिडक्या झरोक्यांसारख्या बारीक, तर कापसाच्या काड्या वळून त्यांत सरकवलेल्या. भूपाल आता बोळे फेकत नव्हता, मोजत होता. उंदराचं कारण त्यानं सोडून दिलं. आप्पाच येत असतील म्हणावं, तर कुलपाची किल्ली त्याच्या स्वतःच्या जानव्याला. तो शिकलेला माणूस होता, त्याला कारण हवं होतं, आणि एकेक कारण बोळ्यासारखं चिमटीतून निसटत होतं.

त्यातच तो आवाज. खाली हिशोबाच्या खोलीत बालवर्गाची पत्रकं लिहीत बसला की वरून यायचा. बारीक, भरभर, टकटकटक, मधेच थांबून पुन्हा. पाल असेल. पत्रा थंडीनं आकसत असेल. एकदा तो पायऱ्या चढून अचानक वर गेला. आवाज थांबला नाही. तो किल्ल्याजवळ गेला तेव्हा थांबला. ऐन दुपार होती, ऊन चटईवर पडलं होतं, आणि किल्ल्याभोवती हातभर जागेत पहाटेसारखा गारवा होता.

आप्पांना त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. सावंतवाडीचा किल्ला लावताना तेच म्हणाले, वर न बघता, "हा लाकडाचा. लाकूड काय गार लागत न्हाय. तरीबी बुजवत्यात व्हय रं?"

भूपालच्या हातातला तांबडा कळस तसाच राहिला. तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं.

"मी कवाधरनं बघतोय," आप्पा म्हणाले. "म्हणून तर दर खेपेला दुसऱ्या जिनसाचा आणतोय."

४

मग आप्पांनी सांगितलं. सन तेराच्या जानेवारीत ते तंबाखू विकायला मुंबईत होते. घरून कार्ड आलं की ब्राह्मीला ताप आहे. तिनं काय मागितलंय तेही कार्डात होतं. ते सगळं काम टाकून बाजारात गेले, सगळ्यांत चांगला दगडी ठोकळ्यांचा संच घेतला आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. घरी येऊन तिच्या अंथरुणापाशीच किल्ला उभा केला. तिनं एक हात पुढं केला, बुरुजाला लावला आणि म्हणाली, आप्पा, गार हाय हो. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"दगूड गार लागला तिला," आप्पा म्हणाले. "मला कळाय पायजे हुतं. तापातल्या पोरीला कोण दगूड देतं काय?"

म्हणून लाकूड. मग लाखेचं लाकूड. मग पत्रा, पण आत दिवा ठेवता येणारा. मग कापड, मग बूच, मग कागद. तेहतीस वर्षं एक माणूस न गारठणारा किल्ला शोधत हिंडला होता. भूपालला त्यांच्या हट्टाचा आजवर रागच आला होता, पैसे उधळतात म्हणून. आता त्याला वर बघवेना.

पांढऱ्या लाकडाचा किल्ला दुसऱ्या दिवशी झाला, आणि मग उरली ती पहिली पेटी.

५

ती त्यानं एकट्यानंच उघडली, सकाळी. मातकट लाल, पिवळसर, निळे दगडी ठोकळे, कोण कुठं बसतो ते दाखवणाऱ्या चित्राच्या कागदाखाली चोख रचलेले. कागद उचलला तर खाली कार्ड होतं. शाई तपकिरी झालेली, अक्षर शाळामास्तरांचं, शब्द आत्यानं सांगितलेले. प्रकृती, डॉक्टर, काळजी नसावी. आणि शेवटी: "चि. ब्राह्मी कोट मागते. येताना आणावा."

भूपालनं वाचलं आणि तो पुढच्या ओळीकडे गेला. पुढं ओळ नव्हती. तो मागं आला. कोट मागते.

त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडी. किल्ल्याला कानडीत कोटे म्हणतात, आणि पोरांच्या तोंडी त्याचं कोट झालेलं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा तर 'चल, कोट बांधू' असंच म्हणायचं. आप्पांनी कार्ड वाचलं आणि त्यांच्या कानात ती दिवाळी वाजली. भूपाल मात्र बेचाळीसपर्यंत बेळगावच्या कॉलेजात तीन वर्षं कोट घालून बसला होता. त्याच्या डोळ्यांपुढं पहिल्या झटक्यात आल्या त्या बाह्या आणि बटणं.

तो कार्ड घेऊन खाली आत्याकडे गेला. ती वाती वळत बसली होती. तिनं कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही.

मास्तरांच्या पोरीला लोकरीचा कोट होता, ती हळूहळू सांगू लागली. ब्राह्मी रोज बघायची. ताप भरला तेव्हा घरातली सगळी पांघरुणं घातली तरी पोरीची हुडहुडी जाईना. दातावर दात वाजत होते, पार सोप्यापर्यंत ऐकू यायचं, टकटकटक. तसल्यात ती कोट, कोट करत होती. आप्पा आले ते पेटी घेऊन, इतक्या कौतुकानं, इतकी धावपळ करून, की कुणाच्या तोंडून शब्द निघेना. मग पोर गेली.

"सांगून काय करायचं हुतं बाळा?" आत्या म्हणाली. "तुझा आप्पा तरी जित्ता ऱ्हायला पायजे हुता न्हवं."

भूपाल तिच्या हातातल्या कापसाकडे बघत उभा राहिला. टकटकटक. पाल नव्हती ती. पत्राही नव्हता.

६

त्या दुपारी दगडी किल्ला उभा राहिला. आप्पांनी एकही ठोकळा त्याला लावू दिला नाही. भूपालच्या खिशात कार्ड होतं. तो खरं बोलणारा माणूस होता, निदान स्वतःला तसं समजत होता. तुरुंगात त्यानं मित्रांपुढं सत्यावर तासन्‌तास बोलून दाखवलं होतं. बापानं आयुष्यभर चुकीच्या गोष्टीचा शोध घेतला हे बापाला कळायला नको? आणि इथं कुणीतरी अजून गारठतंय, त्याचं काय? दोन्हीकडून त्याला सांगायची घाई होती. तेवढ्यात आप्पांनी शेवटचा कळस ठेवला, तळहात बुरुजावर टेकवला आणि तसाच राहू दिला, दगडाला ऊब द्यावी तसा. भूपालनं तोंड उघडलं होतं ते मिटलं.

सकाळी तो कडी काढून आत आला तेव्हा आवाज चालू होता.

दाराकडच्या सगळ्या खिडक्या बुजलेल्या. तो चटईवर आडवा झाला, गाल जमिनीला लावला आणि वेशीतून आत बघितलं. वेस बोटभर रुंद. आत चौक, त्यात माडीच्या पूर्वेच्या खिडकीतलं ऊन, पलीकडची भिंत, तिच्यात एकच खिडकी अजून उघडी. तिथून माडीची भिंत दिसत होती. मग दिसेनाशी झाली. आतल्या बाजूनं कापूस आला. त्यामागं बोट होतं.

लहान मुलीचं बोट, पण किल्ल्याच्या मापाचं नाही. तुमच्या-माझ्या घरातल्या सात वर्षांच्या पोरीचं असतं तेवढं, पेरापर्यंत, नख निळं पडलेलं. त्या चौकात अख्खी मूठ मावली नसती. बोटानं कापूस दाबला, कडेनं चाचपला, एका जागी फट राहिली होती तिथं पुन्हा दाबला. मग ते मागं सरलं, आणि आत जिथं काहीच नव्हतं तिथं दातावर दात वाजत राहिले.

भूपाल किंचाळला नाही. त्याला भीती वाटली. पण उठून बसला तेव्हा त्याच्या मनात एकच विचार होता, की इतकी वर्षं कुणीच हिला पांघरूण घातलं नाही.

७

कापडावर तेव्हा कंट्रोल होता. रेशनच्या दुकानात मांजरपाट मिळायची मारामार, फलालीन कुठली. भूपालनं ट्रंक उघडली. कॉलेजातला निळा लोकरी कोट बेचाळीस सालापासून तिथं पडून होता, परदेशी म्हणून पुन्हा अंगाला न लावलेला. तो घेऊन तो मष्णू शिंप्याकडे गेला. हा मोडून सात वर्षांच्या पोरीचा कर, म्हणाला. कुणाची पोरगी, मष्णूनं विचारलं. घरातलीच, भूपाल म्हणाला. मष्णू म्हणाला, माप न घेता शिवायचा म्हणजे बाह्यांत कापड दुमडून ठेवतो, मागाहून वाढवता येईल.

दोन दिवसांनी कोट आला. गळपट्टीचा, चार काळी बटणं. भूपालनं तो किल्ल्याच्या वेशीपुढं ठेवला आणि आप्पा वर येत होते म्हणून वळला. आप्पा उंबऱ्यातच थांबले.

"हे काय?"

"कोट," भूपाल म्हणाला. बालवर्गातल्या एका पोरीचा आहे असं पुढं म्हणायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. ते त्याला म्हणता आलं नाही.

आप्पांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. कोट. एकदा मराठीत, एकदा कानडीत. मग ते चटईवर बसले. तो बारीक आवाज थांबला होता, कुणी कान देऊन ऐकावं तसा.

"दोन्ही दुकानं शेजारी हुती रं," शेवटी ते म्हणाले. "एकात खेळणी, एकात पोराबाळांची कापडं. मी हुबा ऱ्हाऊन दोन्ही बघितली."

भूपाल त्यांच्याजवळ बसला. हात धरावा की नाही त्याला कळेना, म्हणून त्यानं कोट उचलून त्यांच्या हातात दिला. आप्पांनी तो झटकला, आतून हात घालून बाह्या सरळ केल्या आणि मधल्या बुरुजावर पांघरला. वरचं एक बटण लावलं. एकही ठोकळा हलला नाही. खालून जेवायची हाक आली. ते उठले आणि भूपालच्या खांद्याचा आधार घेऊन खाली गेले. त्या संध्याकाळी त्यांनी आत्याकडून एक भाकरी जास्त मागून घेतली.

सकाळी खिडक्या उघड्या होत्या. अकरा बोळे वेशीपुढं ओळीनं मांडून ठेवलेले. कोट बुरुजावर होता तसाच होता, फक्त आता चारही बटणं लागली होती, गळ्याजवळचं सुद्धा.

८

सव्वीस जानेवारीला माडीवर बालवर्ग उघडला. वखारीतल्या बायका पदरानं डोळे पुसत जिन्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पोरांनी सात किल्ल्यांचे ठोकळे एकमेकांत मिसळून असला एक किल्ला बांधला की त्याला दगडाचा पाया, बुचाची भिंत आणि लाखेचे कळस होते. आप्पा चटईवर बसून नुसते बघत होते. आवाज पुन्हा आला नाही. कोट दाराजवळच्या खुंटीला होता, आणि तो कुणी घालायचा नाही हे पोरांना सांगावं लागलं नाही. पोरंच त्याला हात लावत नव्हती.

पुढं उन्हाळा गेला, ऑगस्टात झेंडा लागला, दिवाळी आली. थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी भूपालला कोटाच्या दोन्ही बाह्या लोंबताना दिसल्या. मनगटाजवळची दुमड सुटली होती. तो चिडलाच. एवढं सांगून दिलेलं काम वर्षभरसुद्धा टिकू नये? कोट काखेत मारून तो तसाच मष्णूच्या दुकानात गेला आणि शिलाई कच्ची कशी केली म्हणून त्याला चार शब्द सुनावले.

मष्णूनं मशीन थांबवलं, चष्मा खाली ओढला, बाही उजेडाकडे धरून टाके बघितले, आणि कोट हळूच घडी करून परत दिला.

"शिलाई न्हाय सुटल्याली अण्णा, कुणीतरी एकेक टाका हातानं उसवलाय. वाढतीया की पोरगी तुमची."